आंबीची नऊ मतं

पुणे, ता. २ फेब्रुवारी १९३८

ती. रखमाजीमामांना दत्तोबाचा साष्टांग नमस्कार.

लोकल बोर्डाच्या निवडणुकीचा 'गावोगावचा कल' म्हणून आमच्या 'घाटवाणी'त तक्ता द्यायचा, असं संपादकांनी काढलंय आणि ते काम माझ्या गळ्यात घातलंय. गेले दहा दिवस वही घेऊन मावळात हिंडतोय. दारोदार एकच प्रश्न: वकीलसाहेब की इनामदार? मतदानाला पेट्या दोन, लाल वकीलसाहेबांची, पिवळी इनामदारांची. गंमत अशी की परंदवडीपासून कुसगावापर्यंत जो तो 'वकीलसाहेब' म्हणतो. आंबीत तर एकानंही दुसरं नाव घेतलं नाही. तिथं तुमच्या लेकीकडे, शालूताईकडे जेवलो. भिमाजीराव कामावर गेले होते, भेट झाली नाही.

तुमचं दुकान बाजारात, येणारा-जाणारा तुमच्याकडे चहा पिऊन जातो. तुमच्या कानावर काय येतं ते कळवा. तुमच्या दोन ओळी माझ्या वहीच्या दहा पानांना भारी.

तुमचा दत्तोबा


लोणावळे, ता. ९ फेब्रुवारी १९३८

चि. दत्तोबास रखमाजीमामाचा आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानातच वाचलं आणि हसलो. अरे, तू पुण्याचा झालास तरी मावळातलाच ना? आपल्याकडे दारात आलेल्याला कोणी नाही म्हणतं का? तू बूट घालून, वही काढून विचारलंस, "वकीलसाहेब का?" तर समोरचा "व्हय" म्हणणार. उद्या इनामदाराचा कारभारी जाऊन विचारेल, "इनामदारसाहेब का?" तरी "व्हय." वर गूळ-पाणी देणार. तू मतं मोजली नाहीस, बाळा, पाहुणचार मोजलास.

मी सतरा वर्षांचा असताना घाटात खडी फोडली, मग स्टेशनावर किटली घेऊन हिंडलो, तेव्हा कुठं हे दुकान झालं. एवढ्यात एक शिकलो. माणूस तोंडानं काय बोलतो ते सोडून द्यावं, चहा पिताना शेजारच्याशी काय कुजबुजतो ते ऐकावं. ते ऐकून सांगतो, सामना अटीतटीचा आहे. तक्त्यात 'प्रचंड बहुमत' वगैरे लिहू नकोस.

आंबीची गोष्ट मात्र निराळी. तिथं सगळ्या गावानं भैरवनाथापुढं बेलभंडारा उचललाय. बेलाचं पान, भंडारा हातात घेऊन देवापुढं शब्द दिला, की तो मोडणारा निर्वंश होतो असं मानतात. कारण काय, तर वकीलसाहेबांनी ओढ्यावर साकव बांधून द्यायचं कबूल केलंय. पावसाळ्यात ओढा चढला की पलीकडं ना शाळा, ना दवाखाना. गेल्या साली शालूची जाऊ बाळंतपणात तशीच अडकून गेली. तेव्हा आंबीवाले एकमतानं लालच.

एखादं मत फुटलंच तर आमच्या जावईबापूंचं! रोज सकाळच्या पॅसेंजरनं लोणावळ्यास येतात, डब्यात चार गावचे चार लोक, चार वर्तमानपत्रं. रोज आगगाडीनं फिरणाऱ्याला बाहेरचं वारं लागतं. माझ्याशी तर रोजच भांडतात. (हे थट्टेनं लिहिलं. भिमाजीसारखा सरळ माणूस नाही.)

तुझा मामा रखमाजी


पुणे, ता. २७ फेब्रुवारी १९३८

ती. मामांना सा. न.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. वकीलसाहेब सात मतांनी पडले. सात! वडगावला मोजणीच्या खोलीत मी स्वतः बसलो होतो. आंबीचं केंद्र स्वतंत्र होतं. पेट्या उघडल्या तेव्हा लाल पेटीत त्रेपन्न आणि पिवळीत नऊ. वकीलसाहेबांच्या माणसांची तोंडं काळी पडली. ही नऊ तिकडची इकडे असती तर साहेब निवडून आले असते.

तुमच्या बेलभंडाऱ्याचं काय झालं मग?

आमच्या तक्त्याची पुण्यात वाहवा झाली. गावनिहाय फोड देणारे आम्ही पहिलेच. नुसते आकडे देऊन भागत नाही, त्यांचा अर्थ सांगावा लागतो. म्हणून आंबीखाली मी लिहिलं, "शपथबद्ध गावातील ही नऊ मते बहुधा रोज रेल्वेने ये-जा करणाऱ्या, बाहेरचे वारे लागलेल्या वर्गाची असावीत." मामा, हे तुमच्याच पत्रातलं. संपादकांनी पाठ थोपटली. म्हणाले, "याला म्हणतात विश्लेषण."

अंक सोबत पाठवला आहे.

दत्तोबा


लोणावळे, ता. ६ मार्च १९३८

चि. दत्तोबास आशीर्वाद.

अंक मिळाला. मिळण्याआधीच त्याचं फळ मिळालं.

तू 'वर्ग' लिहिलंस. आंबीत रोज आगगाडीनं ये-जा करणारे मतदार किती, ठाऊक आहे? एक. भिमाजी. दुसरे दोघे जातात ते पोरसवदा, जमीन त्यांच्या बापाच्या नावावर, त्यांना मतच नाही. तुझा अख्खा वर्ग म्हणजे माझा जावई.

शाळामास्तरांनी अंक चावडीवर वाचून दाखवला. तुझा तक्ता निवडणुकीआधी वकिलाच्या बाजूचा आला होता, तेव्हापासून गावानं ठरवलंय की 'घाटवाणी' आपला पेपर. आपल्या पेपरानं छापलं म्हणजे खरंच. कुणीतरी म्हणालं, "येकाचं न्हाई, नऊ हायेत. ह्यानंच आठ फोडली आसत्याल." झालं. पंच बसले. भिमाजी देवळात जाऊन भंडारा परत उचलायला तयार झाला, तर गेणूआबा म्हणाले, "येकदा मोडलेल्या हातानं पुन्हा कशापायी शिवतोस?" गेणूआबा म्हणजे गावचे सगळ्यांत वडील पंच. मीही त्यांच्यापुढं मान वर करून बोललो नाही कधी.

वाळीत टाकलंय त्यांना. शालूला पाणवठ्यावर येऊ देत नाहीत, ओढ्याला खाली जाऊन झरा उकरून पाणी भरते. शेजारची विस्तव देत नाही. न्हावी येत नाही. भिमाजीची दाढी वाढली. इथं दुकानात लोक विचारतात, "काय जावईबापू, सन्यास घेतला का?" तो हसतो.

माझी थट्टा तू छापलीस आणि ती थट्टा आहे असं कंसात लिहिलं होतं, तेवढंच गाळलंस. तुला रागवत नाही. चूक माझीही, पेपरवाल्याला पत्रात थट्टा लिहावी का? पण आता तातडीनं छाप, की ते अनुमान चुकीचं होतं, भिमाजी निर्दोष आहे. तुझ्या हातचं काम आहे.

मामा


पुणे, ता. १४ मार्च १९३८

ती. मामांना सा. न.

तुमचं पत्र मिळालं. मला खरंच वाटलं होतं, रेल्वेवाले वीस-पंचवीस तरी असतील. आकड्यांकडे बघताना माणसं दिसत नाहीत, हे मला आता कळतंय.

मी लांब खुलासा लिहिला, भिमाजीरावांचं नाव घेऊन. संपादकांनी कापला. म्हणाले, "नाव घेतलं तर ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही ते कळेल. आणि आपण चुकलो असं म्हटलं तर सगळाच तक्ता चुकला म्हणतील." शेवटी एवढंच आलं, "आंबी गावासंबंधीचे अनुमान हे केवळ अनुमान होते. त्यावरून कोणी कोणा व्यक्तीचा बोध करून घेऊ नये."

कचेरीत रोज पत्रं येतात. निम्मी म्हणतात, 'घाटवाणी' वकिलाकडून पैसे खाऊन आधी खोटा कल छापते. निम्मी म्हणतात, इनामदाराकडून खाऊन मागाहून गावं बदनाम करते. संपादक खुशीत आहेत. म्हणतात, दोन्हीकडून शिव्या येतात म्हणजे आपण बरोबर मधे उभे आहोत. मला तसं वाटेनासं झालंय.

एवढ्यानं काम होईल ना?

दत्तोबा


लोणावळे, ता. २९ मार्च १९३८

चि. दत्तोबास आशीर्वाद.

नाही झालं. बिघडलं.

तुझा खुलासा इथं दुकानात वाचला गेला. टांगेवाला नसीर एका बाकावर, कुसगावचा एक शेतकरी दुसऱ्यावर. शेतकरी म्हणाला, "बगा, इनामदारानं पेपर इकत घेतला." नसीर म्हणाला, "कसला इनामदार? वकिलाचाच पेपर हाय, तोंड लपवतोय." दोघांच्या हातात एकच अंक, एकच ओळ. मी म्हटलं, "अरे, दोघंही पुन्हा वाचा." नसीर म्हणाला, "शेठ, मला वाचता कुटं येतंय? मी तर ऐकून सांगतो." सगळे हसले. मीही हसलो.

आंबीत मास्तरांनी वाचल्यावर चावडी म्हणाली, "व्यक्तीचा बोध घेऊ नये? मंजी व्यक्ती हाय तर खरी!" आणि दुसरं निघालं, "भिमाजीचा मेव्हणा त्या पेपरात हाय. घरच्या मानसानं झाकायला छापलं." पहिल्यांदा छापलं तेही तूच, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. माणसाच्या मनात जे आधी रुजतं त्याला पाणी घालणारा पेपर खरा, उपटणारा पेपर विकलेला.

आता पुढचं नीट वाच आणि हे पत्र कोणाला दाखवू नकोस.

परवा गेणूआबा लोणावळ्यास आले, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला. मोतीबिंदू. माझ्याकडेच उतरले. शालूचा बाप म्हणून माझ्यावर त्यांचा राग नाही, "त्यात तुजं काय?" म्हणाले. दुपारी पानतंबाखू झाली, मी हळूच मतदानाचा विषय काढला. म्हातारा खुलला.

म्हणाले, "मतदानाआदी दोन दिस आमी म्हातारी परंदवडीला लग्नाला गेलतो. येक बैलगाडी, नऊ जनं. तितनं सरळ शाळंतच उतरलो, मत द्याया. पोरं समदी गडबडीत. आत पडद्यामागं दोन पेट्या. मी आदीच समद्यांस्नी गाडीत सांगितलं व्हतं, का रं, इसरू नका, ज्यो भंडारा उचलला त्येच्याच रंगाची पेटी. मी चिठ्ठी टाकली, पेटीला हात जोडला, भंडाऱ्यागत कपाळाला हात लावला."

मी विचारलं, "पिवळी?"

"मंग? भंडारा काय लाल आसतोय व्हय रं?"

दत्तोबा, मी चहा आणण्याच्या निमित्तानं उठून आत गेलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. लाल पेटी, लाल पेटी असं जे पोरं गावभर ओरडत होती ते या नवांच्या कानी पडलंच नाही. ते लग्नात होते. आणि पडलं असतं तरी देवाच्या रंगापुढं त्यांनी कागदाचा रंग मानला असता का, देव जाणे. गावात शपथेला सगळ्यांत पक्के ते नऊ. त्यांनीच ती मोडली, आणि त्यांना कल्पना नाही.

बाहेर आलो तर म्हातारा म्हणतोय, "त्या नऊ जनांस्नी देव बगून घ्येईल. निर्वंश व्हनार त्यांचा." त्यांना तीन नातू आहेत. मी म्हटलं, "आबा, असं बोलू नये." म्हणाले, "मी कुटं बोलतोय? बेलभंडारा बोलतोय."

सांगू का त्यांना? सांगितलं तर शालू सुटते. पण हा माणूस त्या दिवसापासून अन्नाला शिवणार नाही. मला पुढचं काही सुचत नाही.

मामा


पुणे, ता. २ एप्रिल १९३८

ती. मामांना सा. न.

मामा, सुचायचं काय आहे यात? खरं छापायचं. मी रात्रभर बसून लिहिलं. नावं नाहीत, फक्त 'गावातील वृद्ध' म्हटलंय. यात कोणाचा दोष नाही, ही फक्त रंगाची चूक आहे. देव भाव बघतो, पेटी नाही. संपादकांना मजकूर अजून दाखवला नाही, आंबीचं खरं कारण कळलंय एवढंच म्हटलं, तर ते उडालेच, "ही खरी बातमी!" येत्या अंकात पहिल्या पानावर घेतो म्हणाले.

शालूताई सुटेल. तुमची संमती तारेनं कळवा.

दत्तोबा


लोणावळे, ता. ५ एप्रिल १९३८

दत्तोबा,

तार केली आहे, 'छापू नये' एवढीच. ती आधी मिळेल. कारण इथं लिहितो.

काल भिमाजीला दुकानामागं घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. त्यानं तुझं पत्र मागून घेऊन वाचलं. मग म्हणाला, "बाबा, गावात म्हातारे नऊच हायेत मत देनारे. 'गावातील वृद्ध' म्हटलं की नावं छापल्यागतच." हे तुझ्या-माझ्या ध्यानात आलं नाही बघ. पुन्हा वर्ग काढलास तू, पुन्हा त्यात माणसं निघाली.

पुढं म्हणाला, "गेणूआबांनी मला खांद्यावर बसवून जत्रा दावली हाय. माझा बाप मेला तवा त्यांनीच आमची पेरणी केली. त्यांस्नी मी कसं सांगू, की तुमचा हात मोडलेला हाय म्हनून?"

मी विचारलं, "मग शालूनं जन्मभर झरा उकरायचा का?"

तो म्हणाला, जत्रेला पंचांपुढं जाऊन कबूल होतो. मत मीच फिरवलं, चुकलो, पदरात घ्या. चुकला म्हणून कबूल झालेल्याला गाव परत घेतं, ही रीत आहे. देवाला नारळ आणि गावाला जेवण.

न केलेलं पाप कबूल करायचं. मी नको म्हणालो. तो ऐकायला तयार नाही. इतकी वर्षं कान उघडे ठेवून दुकान चालवलं, सगळ्यांचं सगळं ऐकलं, आणि आता खरं काय ते मला एकट्याला ठाऊक असून त्याचा छदामाइतका उपयोग नाही.

मामा


आंबी, ता. २० एप्रिल १९३८

दत्तूदादास शालूचा नमस्कार.

मी चवथी शिकले त्याला लय वर्सं झाली, चुकलं तर समजून घे.

परवा जत्रा झाली. हे पंचांपुढं गेले. पागोटं काढून खाली ठेवलं आनि म्हणाले, मत म्या फिरवलं. मी बायकांत लांब हुबी व्हते. मला वाटलं आता सुटलो.

मंग गेणूआबा म्हणाले, "लेकरा, कबूल झालास, बरं केलंस. आता उरल्याली आठ नावं सांग."

यांना वाटलं न्हवतं असं व्हईल. हे म्हणाले, दुसरं कुनी न्हाई, मीच येकटा. तर एक जन वरडला, "पेटीत नऊ निगाली! पेपरात हाय!" आबा म्हणाले, "नावं सांग, गावात ये. मी स्वता तुज्या घरी जेवाया येतो." हे खाली बगत राहिले. आबांच्या पायाकडं. कुनी म्हणालं भितोय, कुनी म्हणालं पैका मिळाला आसंल.

यांनी पागोटं उचललं आनि घरी आले.

दादा, तू आता काय बी छापू नको. चांगलं नको, वाईट नको. आमी गुरं दिराकडं लावून बाबांकडं यायचं ठरवलंय. आमची न्हानी विचारती, आजोबाच्या गावाला नळ हाय का. मी म्हटलं हाय.

शालू


पुणे, ता. २४ एप्रिल १९३८

ती. मामांना सा. न.

शालूताईचं पत्र काल संध्याकाळी मिळालं. अंक काल सकाळीच निघाला होता.

आंबीच्या मास्तरांनी परस्पर बातमी पाठवली होती. माझ्या हाती न येता ती संपादकांकडे गेली. सातव्या पानावर चौकटीत आहे, "आमचे अनुमान खरे ठरले. आंबी येथील रोज रेल्वेने ये-जा करणाऱ्या एका इसमाने मत फिरवल्याची कबुली जत्रेत दिली. अन्य आठ जणांचा शोध सुरू." खाली माझा जुना तक्ता पुन्हा छापलाय, आंबीच्या ओळीखाली जाड रेघ मारून.

मी जाऊन भांडलो. ते म्हणाले, "दत्तोबा, माणूस स्वतः कबूल झाला. याहून पुरावा कोणता?" मला सांगता आलं असतं. तुमची तार आठवली, म्हणून गप्प बसलो. नोकरी सोडतो म्हणालो तर म्हणाले, सोड, तक्ता करायला दुसरा मिळेल.

सोडली नाही अजून. सोडून कोणाचं काय भलं होईल ते कळत नाही.

दत्तोबा


लोणावळे, ता. ११ मे १९३८

चि. दत्तोबास आशीर्वाद.

शालू, भिमाजी आणि न्हानी इथं येऊन पंधरवडा झाला. दुकानाच्या माडीवर राहतात. भिमाजी कामावर जातो, संध्याकाळी वखारीतून कोळसा आणतो. माझ्याशी आता भांडत नाही. मी मुद्दाम खोडी काढतो, तरी नाही.

आंबीत उरलेल्या आठांचा शोध चालू आहे. एक घर ठरलं, कारण त्यांच्या मुलीला इनामदाराच्या गावात दिलीय. दुसरं ठरलं, कारण भिमाजी वाळीत असताना त्या घरच्या बाईनं शालूला एकदा विस्तव दिला होता. नसीर म्हणतो, "शेठ, आठ झाले की थांबतील." मला तसं वाटत नाही. आठाच्या पुढं मोजायला कोणाला वेळ लागतो?

काल गेणूआबा आले. डोळा करून घेतलाय, पट्टी निघालीय, आता स्पष्ट दिसतं म्हणाले. उन्हातनं स्टेशनावरून चालत आलेले, घशाला कोरड. बाकावर टेकले. मी गल्ल्यावर होतो. शालूनं आतून बघितलं आणि तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली. पुढं केलं.

आबांनी तिच्याकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं, नवा डोळा ना. मग हात मागं घेतला. म्हणाले, "पोरी, तुज्यावर माजा राग न्हाई. पन देवाच्या शब्दाचं हाय. तुज्या हातचं मला चालायचं न्हाई."

मी गल्ल्यावरून उठलो. दत्तोबा, माझ्या तोंडाशी आलं होतं, अगदी दातांवर. शालूनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. इतकी हलकी, की आबांना नव्या डोळ्यानंही दिसली नसेल.

तिनं तांब्या माझ्या हातात दिला. म्हणाली, "बाबा, तुमी द्या. आबांस्नी लय तहान लागली आसंल."

मी दिलं. ते घटाघटा प्याले.

तुझा मामा रखमाजी